कुंथलगिरीच्या पायथ्याशी पाण्याचे भांडे

सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढून धाराशिवकडे जाणाऱ्या प्रवाशाला वैशाखात बालाघाटचा डोंगर उघड्या पाठीचा दिसतो. काळा खडक, वाळलेले गवत, मधूनच एखादे बाभळीचे झाड आणि त्या तुटपुंज्या सावलीत उभी असलेली काळ्या रंगाची उस्मानाबादी शेळी. ही शेळी या जिल्ह्याची ओळख आहे. कमी चाऱ्यावर आणि कमी पाण्यावर ती तग धरते. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद म्हणवला गेलेला हा जिल्हा 2023 साली अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झाला. पण नाव कोणतेही असो, येथील माणसाचा पहिला विचार पाण्याचाच राहिला. 1972 चा दुष्काळ येथील वृद्धांना आठवतो आणि 2016 च्या उन्हाळ्यातील टँकरच्या रांगा मुलांनाही आठवतात.

अशाच एका वैशाखात, महावीर जयंती होऊन काही आठवडे लोटल्यावर, सोलापूरच्या एका कापड व्यापाऱ्याचे कुटुंब कुंथलगिरीच्या यात्रेस निघाले. आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू अशी चार माणसे होती आणि पाचवा होता मोती. मोती हा बारा वर्षांचा पांढरा पामेरियन. नातवाच्या जन्माआधीपासून तो घरात होता. त्याला मागे ठेवून जाणे शक्य नव्हते, कारण त्याला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी हृदयाच्या गोळ्या द्याव्या लागत आणि ती जबाबदारी घेण्यास शेजारी तयार नव्हते.

लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार फार आढळतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडप वयाने जाड व वेडीवाकडी होते, नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त उलटे फिरते. हृदय मोठे होत जाते, पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागते, खोकला येतो, धाप लागते. मोतीला यासाठी तीन औषधे चालू होती. हृदयाच्या स्नायूला बळ देणारे पिमोबेंडान, साचलेले पाणी लघवीवाटे बाहेर काढणारे फ्युरोसेमाइड आणि रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील ताण हलका करणारे एनालाप्रिल. या तिघांच्या आधाराने तो दीड वर्ष सुखाने जगला होता. सूनबाईंनी औषधांची एक वही ठेवली होती. त्यात गोळीची वेळ, खाल्लेले अन्न आणि झोपेत एका मिनिटात घेतलेले श्वास यांची रोज नोंद होई. झोपेतील श्वास तिसाच्या आत असावेत, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते.

यात्रेच्या दहा दिवस आधी श्वासांचा आकडा अडतीसपर्यंत गेला. डॉक्टरांनी फ्युरोसेमाइडची मात्रा वाढवली आणि एका आठवड्याने रक्ततपासणीसाठी आणण्यास बजावले. श्वास चार दिवसांत पूर्ववत झाले. मोती पुन्हा दारापर्यंत धावू लागला. लग्नसराईचे दिवस होते, दुकानात श्वास घेण्यासही फुरसत नव्हती. कुत्रा बरा दिसतो आहे, तपासणी यात्रेहून आल्यावर करू, असे ठरले. वहीत त्या तारखेपुढची जागा कोरी राहिली.

पहाटे निघालेली गाडी उन्हे चढण्यापूर्वी धाराशिवच्या लेण्यांपाशी पोहोचली. शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर, बालाघाटच्या एका घळीत ही सात लेणी कोरलेली आहेत. पावसाळ्यात या घळीत पाणी वाहते, वैशाखात मात्र दगडाखेरीज काही नसते. मोठ्या लेण्याच्या गर्भगृहातील अंधारात डोळे स्थिरावले की मस्तकावर नागफणा असलेली पद्मासनस्थ मूर्ती दिसू लागते. जैन परंपरा तिला भगवान पार्श्वनाथांची मानते. ही लेणी मूळची बौद्ध असावीत आणि नंतर जैनांकडे आली असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. तो वाद विद्वानांचा. दर्शनाला आलेला श्रावक तेथे हात जोडतो, एवढे खरे.

या लेण्यांशी राजा करकंडूची कथा जोडलेली आहे. मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत रचलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात ती येते. एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येई व एका वारुळाची पूजा करून जाई. राजाने ते वारूळ खणले, तेव्हा आतून जिनप्रतिमा निघाली. त्या प्रतिमेच्या सिंहासनावर एक गाठ होती. ती शोभत नाही म्हणून राजाने शिल्पकाराला फोडण्यास सांगितले. गाठ फुटताच आतून पाण्याचा लोट उसळला आणि लेणे जलमय झाले. मग राजाला पश्चात्ताप झाला. आजींनी ही कथा नातवाला सांगितली. मोती लेण्याबाहेर, कड्याच्या सावलीत सूनबाईंजवळ जीभ बाहेर काढून बसला होता.

त्याला तहान लागली होती. पण फ्युरोसेमाइडमुळे त्याला वारंवार लघवीस होई आणि तुळजापूरच्या आधी त्याने गाडीच्या आसनावर एकदा लघवी केली होती. "आता मुक्कामाला पोहोचल्यावर पाजू. थोडा वेळ पाणी नको," असे मुलाने म्हटले. त्यात दुष्टावा नव्हता. प्रवासात लहान मुलालाही आपण असेच सांगतो. सूनबाईंनी चुळकाभर पाणी त्याच्यापुढे धरले आणि बाटलीचे झाकण लावले.

तेथून गाडी तेरकडे वळली. तेरणा नदीकाठचे हे गाव आज लहान वाटते, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाने रोमपर्यंत ठाऊक होते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून, वाटा नसलेल्या प्रदेशातून भडोचच्या बंदराला जात असे, अशी नोंद आहे. कापड व्यापाऱ्याला याहून जवळचे गाव कोणते? रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळची मृण्मय खेळणी, मणी, नाणी पाहताना मुलगा आपले दुकान विसरून गेला. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर, संत गोरोबाकाकांचे स्थान आणि दिगंबर जैन मंदिर ही सारी एकाच गावात सांभाळून ठेवलेली पाहून आजींना समाधान वाटले. सोलापूरचा कापडधंदा आणि तगरची मलमल यांच्यामध्ये वीस शतके उभी आहेत. तरी माल, वाट आणि पाणी या तीन गोष्टींचा हिशेब त्याही व्यापाऱ्याला करावा लागला असेल.

तेरच्या उन्हात मोतीने पिवळसर पाणी ओकले. गाडी लागली असेल, असे सर्वांना वाटले. चालताना तो मागचा पायही थोडा ओढत होता. मुलाच्या पिशवीत स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी होती. तिचा चौथा हिस्सा द्यावा, असे त्याच्या मनात आले; परंतु सूनबाईंनी हात धरला. त्या वेळी त्यांना कारण सांगता आले नसते. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय माणसाचे औषध देऊ नका म्हटले होते, एवढेच त्यांना आठवत होते.

ते कारण मोठे आहे. वेदनाशामक गोळ्यांपैकी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांचा संरक्षक पसारा कमी करतात. निरोगी देह ते सोसतो. पण ज्याला लघवी वाढवणारे औषध आणि एनालाप्रिलसारखे औषध आधीच चालू आहे, त्याच्यासाठी ही तिसरी गोळी घातक ठरते. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाचे काय करू शकते, हे आपल्या देशाने आकाशात पाहिले आहे. ते औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे 2004 साली पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. तोपर्यंत भारतातील तीन जातींच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. 2006 साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. पांजरपोळ व गोशाळा चालवणाऱ्या समाजाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. गाईच्या वेदना शमवण्यासाठी करुणेने दिलेले औषध हजारो पक्ष्यांचा अंत घडवू शकले. करुणेला माहितीची जोड नसेल, तर तिचा हात चुकीच्या जागी पडतो.

येडशी, येरमाळा मागे टाकून गाडीने महामार्ग सोडला आणि दुपार कलताना भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा डोंगर दिसला. डोंगर उंच नाही. वर शुभ्र शिखरे, खाली धर्मशाळा, खव्याच्या भट्ट्यांचा गोडसर वास आणि पेढ्यांची दुकाने. या भागाचा खवा दूरदूरच्या शहरांत जातो. कमी पाण्याच्या मुलखात शेतकऱ्याला दूध तारते आणि दुधाला खव्याचे रूप देऊन टिकवावे लागते. तीर्थाचा प्रसाद म्हणून पेढा आणि उपजीविका म्हणून खवा, अशी ही जोडी आहे.

कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण हे दोन राजपुत्र विरक्त होऊन मुनी झाले आणि या पर्वतावरून मुक्त झाले, अशी श्रद्धा आहे. त्यांच्यावर आलेला उपसर्ग राम-लक्ष्मणांनी दूर केला, ही कथा आचार्य रविषेणांच्या 'पद्मपुराणा'त आहे. ध्यानस्थ मुनी उपसर्ग सहन करत होते. पण पाहणाऱ्या रामाने, "ते सहन करतात तर करू द्या," असे म्हटले नाही. जे दूर करता येते ते दूर करणे, हे त्याने आपले कर्तव्य मानले.

विसाव्या शतकात हे क्षेत्र सर्व भारतातील जैनांच्या मनात कायमचे कोरले गेले, ते चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांमुळे. दृष्टी मंदावली, चालताना पायाखालचा जीव दिसेनासा झाला, ईर्यासमिती पाळणे अशक्य होऊ लागले, तेव्हा महाराजांनी 1955 च्या ऑगस्टमध्ये येथे सल्लेखना स्वीकारली. 18 सप्टेंबर 1955 रोजी त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत कुंथलगिरीची वाट भाविकांनी फुलून गेली होती. आजी तेव्हा परकरी पोर होत्या. वडिलांच्या खांद्यावरून त्यांनी ती गर्दी पाहिली होती. त्यामुळे कुंथलगिरीला आले की आजींचे मन आपोआप त्या महिन्याकडे जाई.

आळीपाळीने एक जण खाली मोतीजवळ थांबून बाकीच्यांनी डोंगरावरचे दर्शन उरकले. सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे झाली. आजींचा चौविहार, सूर्यास्तानंतर त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. घरात मोतीचे भांडेही रात्री उचलून ठेवण्याची पद्धत पडली होती. रात्रभर लघवी नको, हे निमित्त होते आणि घराची शिस्त त्याला जुळणारी होती. त्या संध्याकाळी सूनबाईंनी नेहमीप्रमाणे चिमूटभर पेढ्यात गोळ्या लपवून त्याच्यापुढे धरल्या. मोतीने वास घेतला आणि तोंड फिरवले. भाकरी-दूध पुढे केले, तरी तो हलला नाही. धर्मशाळेबाहेरच्या लिंबाखाली तो मान टाकून, शिखराच्या दिशेने डोळे लावून पडून राहिला.

आजी त्याच्याजवळ बसल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ह्याने अन्न सोडलंय. ह्या जागेची पुण्याई आहे. आता ह्याला त्रास देऊ नका." त्यांनी मोतीच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणण्यास सुरुवात केली. मुलाने हात जोडले. नातू रडू लागला. जीवंधर कुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो कुत्रा पुढच्या जन्मी यक्षदेव झाला, ही वादीभसिंहांच्या 'क्षत्रचूडामणी'तील कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. त्या लिंबाखाली सर्वांना तीच कथा आपल्यासमोर घडते आहे, असे वाटत होते.

सूनबाईंनाही क्षणभर तसेच वाटले. पण त्यांनी सवयीने वही उघडली आणि त्यांची नजर कोऱ्या जागेवर गेली. त्यांनी मोतीचा ओठ वर केला. हिरड्या कोरड्या आणि चिकट होत्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली नाही. तोंडाला एक वेगळाच उग्र वास होता. सकाळपासून त्याने किती पाणी प्यायले, हे त्यांनी आठवून लिहिले आणि तो आकडा वाचून त्या उठल्या.

"आई, जप थांबवू नका," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पण मी डॉक्टरांना फोन करते."

सोलापूरच्या डॉक्टरांनी सारे ऐकून घेतले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रक्ततपासणीचा आणि दुसरा पाण्याचा. रात्रीची एनालाप्रिल व फ्युरोसेमाइड देऊ नये, पिमोबेंडान मात्र शक्य असल्यास द्यावे, पाणी थोडे थोडे सतत पुढे ठेवावे, झोपेतील श्वास तासातासाने मोजावेत, ते वाढले तर रात्रीच पुन्हा फोन करावा आणि पहाटे धाराशिव गाठून पशुवैद्यांना दाखवावे, असे त्यांनी सांगितले. रात्री पाण्याचे भांडे लिंबाखाली भरून राहिले. मोती चार-पाच वेळा थोडे थोडे प्यायला. श्वास सव्वीसच्या वर गेले नाहीत.

धाराशिवला रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन 3.9 निघाले, चार महिन्यांपूर्वी ते 1.3 होते. युरियाही फार वाढला होता आणि रक्तदाब उतरलेला होता. तेथील पशुवैद्यांनी कुटुंबाला समोर बसवून जे समजावले, त्यासाठी त्यांनी जैन घरातलीच वस्तू उदाहरणाला घेतली. ती म्हणजे नळाला बांधलेले गाळणे.

मूत्रपिंड म्हणजे असंख्य सूक्ष्म गाळण्यांचा समूह. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. गाळणीतून पाणी उतरायचे तर आत पुरेसा दाब हवा. शरीरात पाणी कमी पडले की देह एक युक्ती करतो. बाहेर नेणारी वाहिनी तो आवळून धरतो, म्हणजे रक्त कमी असूनही गाळणीतला दाब टिकतो. एनालाप्रिल नेमकी हीच गाठ सैल करते. हृदयासाठी ते हितकारक असते, कारण सर्व वाहिन्या सैल झाल्याने थकलेल्या हृदयाला रक्त ढकलणे सोपे जाते. एरवी मूत्रपिंडही हा फरक सहज सांभाळते. पण दुसऱ्या औषधाने पाणी बाहेर काढले, ऊन लागले, ओकारी झाली आणि प्यायला पाणी मिळाले नाही, तर गाळणीत दाबच उरत नाही. रक्तातील मळ रक्तातच साठतो. त्याने मळमळ सुटते, तोंडाला वास येतो आणि अन्नाची शिसारी बसते.

"त्याने अन्न सोडलेले नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला अन्न जात नाही."

आजींनी हे वाक्य मान खाली घालून ऐकले.

मोतीला शिरेवाटे सलाइन सुरू झाले, तेही थेंबाथेंबाने. दुबळ्या हृदयाला एकदम पाणी दिले तर ते फुप्फुसांत उतरते. न दिले तर मूत्रपिंड बुडते. दर अर्ध्या तासाने श्वास मोजत तीन दिवस हा तोल सांभाळावा लागला. कुटुंबाने मुक्काम धाराशिवला हलवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोतीने दहीभाताचे दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन 2.1 वर आले आणि पंधरा दिवसांनी सोलापुरात 1.6 वर स्थिरावले. फ्युरोसेमाइड कमी मात्रेत पुन्हा चालू झाले. एनालाप्रिलऐवजी बेनाझेप्रिल अल्प मात्रेत दिले गेले. कुत्र्याच्या देहातून एनालाप्रिल मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, तर बेनाझेप्रिलचा मोठा भाग यकृताच्या, पित्ताच्या वाटेने जातो.

या प्रसंगावरून ही औषधेच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला तर ते मोठे नुकसानीचे होईल. मोतीला दीड वर्ष याच औषधांनी जगवले होते. इतकेच नव्हे, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाण्याचा विकार असलेल्या कुत्र्यांना बेनाझेप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन हे मूत्रपिंडाच्या रक्षणासाठीच दिले जाते. कुत्र्यांतील वाढलेला रक्तदाब माणसासारखा स्वतंत्र आजार म्हणून क्वचित येतो. बहुधा त्याच्या मुळाशी मूत्रपिंडाचाच किंवा ग्रंथींचा विकार असतो. वरचा रक्तदाब 160 च्या वर टिकून राहिला तर उपचार लागतात, कारण तो दाब डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड या सर्वांना इजा करतो. त्यासाठी दिले जाणारे अम्लोडिपिन कुत्र्यांत बहुधा एनालाप्रिलच्या जातीच्या औषधाबरोबर दिले जाते, ते गाळणीतला दाब दोन्ही बाजूंनी तोलला जावा म्हणूनच. स्पिरोनोलॅक्टोन सोबत असेल तर रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. म्हणजे हृदय आणि मूत्रपिंड ही एकाच पेढीची दोन खाती आहेत. एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात नावे पडते, आणि दोन्ही वह्या एकत्र पाहिल्याशिवाय पेढीची स्थिती कळत नाही.

या वह्या वेळेवर पाहिल्या पाहिजेत, याचेही कारण आहे. मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती गेल्यावरच क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेले दिसते. बाहेरून दुकान जोरात चालावे आणि भांडवलाचे तीन हिस्से संपल्यावर ताळेबंदात तोटा दिसावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर एक ते दोन आठवड्यांत पुन्हा रक्त तपासतात. क्रिएटिनिन किंचित वाढणे अपेक्षित असते. फार वाढले तर मात्रा बदलतात. कुत्रा जेवेनासा झाला, ओकू लागला, जुलाब झाले किंवा पाणी पिईनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठ हृदयाला जड जाते, ते देऊ नये. आणि लघवीचे औषध चालू असलेल्या कुत्र्याचे पाणी कधीही, दिवसा वा रात्री, तोडू नये. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करायचे नसते. लघवी जास्त होते म्हणूनच ते अधिक लागते.

सोलापूरला परतल्यावर आजींनी एका संध्याकाळी स्वाध्यायासाठी तत्त्वार्थसूत्र काढले. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे खाणे-पिणे अडवणे. हा पाठ त्यांना लहानपणापासून मुखोद्गत होता. अन्नपाननिरोध म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे उपाशी ठेवलेला बैल येई. गाडीचे आसन भिजू नये म्हणून मिटलेले बाटलीचे झाकण आणि रात्री उचललेले भांडे कधी आले नव्हते. चौविहार हे त्यांचे स्वतःचे व्रत होते, स्वतःच्या इच्छेने घेतलेले. मुक्या जिवावर ते लादले की ते व्रत राहत नाही.

सल्लेखनेचेही तसेच. समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग ही सल्लेखनेची कारणे सांगताना, ज्यावर उपाय उरलेला नाही, अशी स्पष्ट अट घातली आहे. शांतिसागर महाराजांनी आपल्या विझत्या दृष्टीकडे पाहून, पूर्ण जाणिवेने, स्वतःसाठी निर्णय केला. मोतीपुढे निर्णय नव्हता. त्याच्यापुढे फक्त रिकामे भांडे होते. जवळच्या माणसाच्या बाबतीतही घराघरांत ही गल्लत होते. म्हाताऱ्या माणसाने जेवण टाकले की वय झाले, आता ओढ लागली, असे म्हटले जाते आणि त्याच्या उशाशी असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्यांकडे, शेवटच्या तपासणीच्या तारखेकडे कोणी पाहत नाही. माणसाच्या मूत्रपिंडाचा नियम यात निराळा नाही.

मोती त्यानंतर सात महिने जगला. मार्गशीर्षात त्याचे हृदयच थकले. औषधे वाढवून झाली, रक्त तपासून झाले, आणि आता करण्यासारखे काही उरले नाही, असे डॉक्टरांनी घरी येऊन सांगितले. त्या रात्री आजी त्याच्याजवळ बसल्या आणि कुंथलगिरीला अर्ध्यावर राहिलेला जप त्यांनी शांतपणे पूर्ण केला. सूर्य केव्हाच मावळला होता. आजींच्या स्वतःच्या ओठांना पाणी लागले नव्हते. मोतीच्या तोंडाशी मात्र गाळलेल्या पाण्याची वाटी शेवटपर्यंत भरलेली होती.